फ्रीजचा गॅस दर उन्हाळ्यात ‘संपतो’ का?

मागच्या मे महिन्यात मी नागपूरला आत्याकडे होते. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर ऊन असं की समोरच्या घराच्या भिंतीकडेही बघवत नव्हतं. आत्याने जेवणाआधीच्या इन्सुलिनसाठी फ्रीज उघडला, दारातली कुपी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. कुपी गार नव्हती. गरमही नव्हती, पण फ्रीजमधून काढलेली वस्तू हाताला जशी लागते तशी लागत नव्हती. सकाळचं दूध दुपारच्या चहाला नासलं तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

मिस्त्री आला. त्याने वरच्या बर्फाच्या कप्प्यात हात घातला, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला आणि दोन मिनिटांत निदान सांगितलं, "गॅस संपला ताई. भरा लागते." खर्च अडीच हजार. आत्या म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात तर भरला होता नं!" त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, "उन्हाळ्यात जास्त जळते."

हे वाक्य नागपुरातच नाही, विदर्भातल्या कितीतरी घरांत दर मे महिन्यात ऐकू येतं. आणि आपण ते मान्य करतो, कारण ‘गॅस’ म्हटलं की डोळ्यांसमोर स्वयंपाकाचं सिलिंडर येतं. सिलिंडर महिन्या-दीड महिन्यात संपतं, तसा फ्रीजचाही संपत असेल. पण फ्रीजमध्ये काहीच जळत नाही. त्यातला गॅस हा इंधन नाही. कारखान्यात एकदा भरून नळ्या डाख देऊन बंद केल्या की तोच गॅस पंधरा-वीस वर्षं त्याच नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. नळीला कुठे भोक पडलं तर तो निघून जातो, पण वापरून संपत नाही.

मग आत्याचा फ्रीज गार का करत नव्हता? त्यासाठी आधी फ्रीजच्या शेजारी ठेवलेल्या माठाकडे बघू.

माठाचं पाणी खरंच संपतं

माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता ते पाणी माठातल्या उरलेल्या पाण्याकडून घेतं. हा सौदा केवढा मोठा आहे ते बघा. दहा लिटरच्या माठातून फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाणी उडून गेलं, तर ते जाताना एवढी उष्णता घेऊन जातं की उरलेलं सगळं पाणी साडेपाच अंशांनी उतरावं. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा माठाला पुन्हा तापवत असते, म्हणून हे झिरपणं दिवसभर चालू राहावं लागतं.

नागपूरच्या मे महिन्यात हे काम झकास होतं, कारण दुपारची हवा फार कोरडी असते. तापमान ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पाणी निव्वळ बाष्पीभवनाने २५ अंशांच्या आसपास उतरू शकतं. तब्बल १९ अंशांचा फरक, आणि तोही विजेशिवाय. डेझर्ट कूलर हेच करतो. माठाच्या भिंतीऐवजी वाळ्याची किंवा गवताची ओली ताटी, आणि वाऱ्याऐवजी पंखा. पण जुलै लागला, तापमान ३० आणि आर्द्रता ८० टक्के झाली, की तोच माठ पाण्याला २७ च्या खाली नेऊ शकत नाही. कूलर लावला तर अंग चिकचिकतं, हे नागपूरकराला सांगायला नको. हवेतच इतकं पाणी असतं की नव्या वाफेला जागा नसते.

तर माठाच्या दोन मर्यादा. एक, तो हवेच्या मर्जीवर चालतो आणि काही केल्या चार अंशांपर्यंत पोचत नाही. दोन, त्याचं पाणी उडून जातं. म्हणून रोज सकाळी आपण तो भरतो.

फ्रीज हा याच दोन मर्यादा ओलांडणारा माठ आहे. त्यात पाण्याऐवजी असा पदार्थ वापरतात जो फार कमी तापमानाला उकळतो. आणि झालेली वाफ हवेत सोडून न देता पकडून, दाबून, तिचा पुन्हा द्रव करतात. म्हणून माठ रोज भरावा लागतो आणि फ्रीज भरावा लागत नाही.

नळीत फिरणारा मूठभर पदार्थ

आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन नावाचा वायू असतो. मागच्या पाटीवर तो आर-६००ए या नावाने लिहिलेला सापडेल. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्युटेनचाच हा सख्खा भाऊ. साध्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंशांच्या जवळ उकळतो. आणि पूर्ण फ्रीजमध्ये तो असतो किती? साधारण ४० ते ६० ग्रॅम. म्हणजे तीन-चार मोठे चमचे साखरेच्या वजनाइतका.

त्याची फेरी अशी. बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळ्यांमध्ये दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे आलेला द्रव उणे वीस अंशांच्या आसपाससुद्धा उकळू लागतो. उकळायला उष्णता हवी, ती तो कप्प्यातल्या हवेकडून, पाण्याकडून, दुधाकडून घेतो. दूध गार होतं ते इथे. फ्रीज आत ‘थंडी’ सोडत नाही. थंडी नावाची काही वस्तू नसतेच. आतली उष्णता उचलून नेली की जे उरतं त्याला आपण गार म्हणतो.

ही उष्णता पोटात घेतलेली वाफ मग खाली कॉम्प्रेसरकडे जाते. फ्रीजच्या मागे खालच्या बाजूला जे काळं, भोपळ्याएवढं भांडं असतं ते हेच. त्याच्या आत मोटर आणि दट्ट्या तेलात बुडवून कायमचे बंद केलेले असतात. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं टोक तापतं ना, तसंच इथे होतं. वाफ दाबली जाते आणि तापते. आता ती स्वयंपाकघरातल्या हवेपेक्षा जास्त गरम असते, म्हणून ती आपली उष्णता हवेला देऊ शकते. हे देणं कंडेन्सरमध्ये होतं. जुन्या फ्रीजच्या पाठीमागे काळी जाळी असायची, ती कंडेन्सरची. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत लपवलेल्या असतात. म्हणून बाजूला हात लावला तर तो गरम लागतो, आणि नवीन फ्रीज घेतलेली माणसं घाबरून दुकानात फोन करतात. ती गरमी म्हणजे तुमच्या दुधाची, भाजीची आणि कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची.

उष्णता देऊन वाफेचा पुन्हा द्रव झाला की तो एका केसासारख्या बारीक, एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद छिद्राच्या लांबलचक नळीतून ढकलला जातो. पलीकडे पोचताच त्याचा दाब पडतो, तो गार होतो आणि पुन्हा उकळायला तयार होतो.

यावरून एक जुना प्रश्न सुटतो. फार उकडतंय म्हणून फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? नाही, उलट तापेल. समोरून उचललेली उष्णता फ्रीज मागून त्याच खोलीत टाकतो, आणि वर विजेची स्वतःची भर घालतो. एसीचं जमतं, कारण त्याची पाठ घराबाहेर असते.

गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये मुंबईत भारतात बनलेला पहिला फ्रीज बाजारात आणला. तेव्हापासून नळीतला वायू दोन-तीनदा बदलला. आधी आर-१२ होता, तो पृथ्वीभोवतीचा ओझोनचा थर खातो म्हणून गेला. मग आर-१३४ए आला. तो ओझोनला सोडतो, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढे. आता आयसोब्युटेन. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये बहुधा अमोनिया असतो. वायू कुठलाही असो, उकळा, दाबा, गार करा, सोडा ही फेरी तीच आहे.

चढावर ढकलायची गाडी

आता आपण नागपूरच्या उन्हात येऊ. पाणी जसं उतारावरून खाली वाहतं तशी उष्णता गरम जागेकडून गार जागेकडे आपोआप जाते. फ्रीज तिला उलटं, चढावर ढकलतो. चढ जितका उंच तितकं काम जास्त.

डिसेंबरात नागपूरच्या स्वयंपाकघरात २२ अंश असतील असं धरा. आत आपल्याला चार अंश हवेत, म्हणजे फरक १८ अंशांचा. मे महिन्यात शेगडी चालू असलेल्या त्याच स्वयंपाकघरात ४२ अंश असले तर फरक ३८ अंशांचा. भिंतींमधून आत घुसणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे दुपटीहून जास्त झाली. एवढ्यावर भागत नाही. घुसलेला प्रत्येक थेंब उपसून बाहेर टाकायला आता जास्त उंच चढवावा लागतो. आतल्या नळ्या उणे २० वर असतात, आणि कंडेन्सर खोलीपेक्षा दहाएक अंश गरम असावा लागतो, नाहीतर तो खोलीला उष्णता देणारच नाही. तर डिसेंबरातली चढण साधारण ५२ अंशांची आणि मे महिन्यातली ७२ अंशांची. दोन्ही मिळून, अगदी आदर्श यंत्र धरलं तरी, मे महिन्यात फ्रीजला डिसेंबरच्या जवळजवळ तिप्पट काम पडतं. हिवाळ्यात कॉम्प्रेसर तासातली २० मिनिटं चालून ४० मिनिटं विसावा घेत असेल, तर मे महिन्यात त्याला विसावाच उरत नाही.

नळीतला दाबही वाढतो. कंडेन्सर ४० अंशांवर असताना आयसोब्युटेनचा द्रव व्हायला हवेच्या पाचपट दाब पुरतो. तोच ५५ अंशांवर गेला की जवळपास आठपट लागतो. कॉम्प्रेसर धापा टाकतो तो यामुळे.

कंपन्यांना हे माहीत असतं. म्हणून फ्रीजच्या पाटीवर ‘हवामान वर्ग’ छापलेला असतो. एसएन, एन, एसटी किंवा टी अशी इंग्रजी अक्षरं. फ्रीज घेताना आपण लिटर बघतो, तारे बघतो, दाराचा रंग बघतो, पण हे अक्षर दहांतला एखादाच बघत असेल. एन वर्गाचा फ्रीज भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत आणि टी, म्हणजे उष्ण कटिबंधाचा, ४३ पर्यंत नीट चालावा अशी अपेक्षा असते. आणि नागपूर? इथे मे महिन्यात ४३ च्या वर पारा जाणं ही बातमीसुद्धा होत नाही. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ वर गेला होता. (३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली, पण तो बिघडलेल्या सेन्सरचा प्रताप होता असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. नागपूरकरांना मात्र तो आकडा क्षणभर खरा वाटला, यात नवल नाही.) हे आकडे बाहेरचे, सावलीतले. घरातलं तापमान सहसा त्यापेक्षा कमी असतं. पण पत्र्याचं छत असेल, स्वयंपाकघर पश्चिमेला असेल, आणि फ्रीज तीन बाजूंनी बंद कोनाड्यात असेल, तर फ्रीजला मिळणारी हवा सहज ४३ पार करते. म्हणजे टी वर्गाचा फ्रीजही तिथे आपल्या हद्दीबाहेर काम करत असतो.

मी ‘फ्रीजला मिळणारी हवा’ म्हणते आहे, कारण सगळं त्यावर आहे. फ्रीजला नागपूर माहीत नसतं. त्याला फक्त आपल्या पाठीमागची आणि बाजूची वीतभर हवा माहीत असते.

आत्याच्या फ्रीजची पाठ

मिस्त्रीला "उद्या सांगते" म्हणून परत पाठवलं आणि आम्ही दोघींनी फ्रीज ओढून बाहेर काढला. दोन वर्षांपूर्वी घराचं रंगकाम झालं तेव्हा तो ओट्याच्या शेजारच्या कोनाड्यात सरकवला होता, भिंतीला अगदी चिकटून. मागची काळी जाळी काळी राहिलीच नव्हती. फोडणीच्या तेलाची वाफ आणि धूळ मिळून तिच्यावर करडी गोधडी तयार झाली होती. वर फ्रीजला घातलेलं विणकामाचं कव्हर दोन्ही बाजूंनी गुडघाभर लोंबत होतं. म्हणजे ज्या पत्र्यांनी उष्णता बाहेर टाकायची त्यांना आपण मे महिन्यात स्वेटर घातला होता.

अशा वेळी काय होतं बघा. कंडेन्सरला उष्णता टाकता येत नाही, त्याचं तापमान चढतं, दाब चढतो. सगळ्या वाफेचा द्रव होत नाही, मग बर्फाच्या कप्प्यात उकळायला द्रवच कमी पोचतो. आत गारवा कमी, कॉम्प्रेसर अखंड चालू, बर्फ नीट नाही. गॅस गळाला तरी लक्षणं हीच. म्हणून सगळेच मिस्त्री लबाड असतात असं मी म्हणणार नाही. दिवसाला पंधरा घरं फिरणाऱ्या माणसाला दोन आजारांचा ताप सारखाच दिसतो, आणि त्यातल्या एकाच आजाराचे पैसे मिळतात.

पण दोन्हींत एक फरक असतो आणि तो हाताला कळतो. गॅस खरंच गळून गेला असेल तर उचलून आणायला उष्णताच नसते. कॉम्प्रेसरचं भांडं तापलेलं असतं, पण मागची जाळी किंवा बाजूचा पत्रा जवळजवळ खोलीइतकाच, थंड पडलेला. बर्फाच्या कप्प्यात कुठेतरी एका कोपऱ्यातच दंव धरतं आणि बाकी कोरडं राहतं. याउलट जाळी किंवा पत्रा चांगलाच चटका देत असेल, तर गॅस आहे, फिरतो आहे, उष्णता वाहून आणतो आहे. फक्त ती टाकायला जागा मिळत नाही. आत्याच्या फ्रीजची बाजू हात ठेवू देत नव्हती. (जाळीला हात लावायचा तर आधी प्लग काढा, आणि कॉम्प्रेसरला लावूच नका. तो अशा दिवसांत भाजतो.)

मग मागच्या वर्षी गॅस भरल्यावर फ्रीज सुधारला कसा? आत्याने आठवून सांगितलं की गॅस मे महिन्याच्या शेवटी भरला होता. भरताना फ्रीज बाहेर ओढला गेला आणि पुढे काही दिवस तसाच पुढे राहिला. आणि मग जूनमध्ये पाऊस आला. पारा दहा-बारा अंशांनी उतरला. एवढी चढण कमी झाल्यावर कुठलाही फ्रीज सुधारेल. श्रेय गॅसला मिळालं.

गॅस गरजेपेक्षा जास्त भरला तर उलट त्रासच होतो. कंडेन्सरमध्ये दाब आणखी वाढतो, आणि न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरून त्याचं आयुष्य घटवतो. ज्या यंत्रात एकूण ५० ग्रॅम पदार्थ असतो तिथे दहा ग्रॅमची चूकही मोठी. म्हणून खरी गळती असेल तेव्हा नीट पद्धत अशी असते की आधी भोक शोधायचं आणि बुजवायचं, मग पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओल पूर्ण ओढून काढायची, फिल्टर बदलायचा आणि पाटीवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून तेवढाच वायू भरायचा. हे दहा मिनिटांत होत नाही. भोक न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता चाकात हवा भरणं. आणि आयसोब्युटेन पेट घेतो, हे विसरू नका. बंद स्वयंपाकघरात, शेजारी शेगडी चालू असताना डाख देण्याची ज्योत पेटवणाऱ्याला सरळ थांबवा.

गळती होते कशी? नळीच्या जोडाजवळ गंज चढून. वाहतुकीत हादरे बसून. पण घरात होणारी सगळ्यात सर्रास गळती आपण स्वतः करतो, सुरीने. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये बर्फाचा जाड थर साचतो, बर्फाचा ट्रे चिकटतो आणि कोणीतरी सुरीचं टोक घालून तो उचकटतं. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच उकळणाऱ्या वायूच्या वाटा असतात. फुस्स असा आवाज आला की झालं. बर्फ वितळवायचा तर मधलं बटण दाबा किंवा फ्रीज बंद करून थांबा. थर अर्धा सेंटिमीटरपेक्षा वाढू देऊ नका, कारण साचलेला बर्फ गारवा देत नाही, अडवतो. त्याची गोधडीच होते. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हे काम आतला छोटा हीटर दिवसातून एक-दोनदा परस्पर करतो.

कूलरवाल्या घरांसाठी एक जास्तीची गोष्ट. कूलरची गार हवा फ्रीजच्या खोलीत पोचली तर कंडेन्सरला बरंच वाटतं. पण ती हवा ओली असते. दार वारंवार उघडलं की ती आत जाते आणि बर्फ होऊन बसते. दाराचं रबर सैल असेल तर दार न उघडताही. रबर तपासायला दारात एक नोट धरून दार लावा. नोट सहज सरकून बाहेर आली तर तिथून उन्हाळा आत येतो आहे.

लाइट गेली तर

मे महिन्याचा दुसरा त्रास विजेचा. लाइट जाते, येते, पुन्हा जाते. लाइट आली की फ्रीज ‘टक्क’ करतो, गुरगुरतो आणि गप्प होतो. याचंही कारण त्या बारीक नळीत आहे. कॉम्प्रेसर थांबला तेव्हा एका बाजूला मोठा दाब असतो, दुसऱ्या बाजूला कमी. केसासारख्या नळीतून दोन्ही बाजू समान व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. त्याआधी मोटरला पूर्ण दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं, ते तिला जमत नाही, आणि जळू नये म्हणून आतलं एक बटण तिला बंद करतं. ती ‘टक्क’ त्या बटणाची. म्हणून वीज झपझप येत-जात असेल तर प्लग काढून ठेवा आणि पाच मिनिटांनी लावा. दाब कमी असलेल्या वस्तीत स्टॅबिलायझर याच कामाचा, त्यात थोडा वेळ थांबून वीज सोडण्याची सोय असते.

बंद फ्रीज दार न उघडता साधारण चार तास आतला गारवा धरतो. तापलेल्या नागपुरी स्वयंपाकघरात त्याहून कमीच धरा. भरलेला फ्रीज रिकाम्यापेक्षा जास्त टिकतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या बऱ्या. पण गरम भाताचं पातेलं थेट आत ठेवू नका. कॉम्प्रेसरला आधीच श्वास घ्यायला फुरसत नसते.

आणि इन्सुलिन. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. गोठू द्यायची नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. म्हणून बर्फाच्या कप्प्याला लागून ती ठेवू नये. दारातही नको, कारण दार उघडलं की सगळ्यात आधी तिथेच गरम हवा लागते. मधल्या फळीवर, डब्यात ठेवावी. वापरात असलेली कुपी बरेचदा चारेक आठवडे खोलीत चालते असं आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, पण तिथे खोली म्हणजे २५ किंवा ३० अंशांची खोली. नागपूरची मे महिन्यातली खोली नव्हे. ज्या घरात फ्रीज नाही, किंवा वीज तासन्‌तास जाते, तिथे माठ कामाला येतो. कुपी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून डबी माठात ठेवली तर कोरड्या उन्हाळ्यात ती २६-२८ अंशांच्या आसपास राहू शकते. किती दिवस चालेल ते मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

फ्रीज आणि माठ यांच्या मधलं काही का नाही, असा प्रश्न पडला असेल तर तसा प्रयत्नही महाराष्ट्रातच झाला. गोदरेजने ‘छोटूकूल’ नावाची पेटी काढली होती. उस्मानाबादकडच्या गावांमधल्या बायकांना विचारून ती घडवली. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, वरून उघडणारं झाकण, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. तिच्यात एक चकती होती जिच्यातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. कल्पना देखणी, आणि झाकण वरून असल्याने जड, गार हवा उघडताना सांडत नाही हेही हुशारीचं. पण अशा चकतीला उष्णता फार उंच चढवता येत नाही, ती भोवतालापेक्षा एका मर्यादेपर्यंतच खाली जाते. आणि वैशाखातल्या विदर्भात भोवतालच ४४ असतं.

त्या संध्याकाळी आम्ही प्लग काढून जाळी आधी कोरड्या ब्रशने आणि मग ओल्या फडक्याने पुसली. फडकी चार लागली. कव्हर कपाटात गेलं. फ्रीज कोनाड्यातून काढून दाराजवळच्या भिंतीला, मागे वीतभर जागा सोडून उभा केला. तिथे तो जाता-येता अडतो अशी काकांची तक्रार अजून चालू आहे. आतला खटका तीनवरून पाचवर नेला. हे आकडे अंशांचे नसतात, फक्त कॉम्प्रेसर किती वेळ चालेल ते सांगतात. मोठा आकडा म्हणजे जास्त गार. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून फ्रीजचा छोटा थर्मामीटर आणला आणि मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात उभा करून ठेवला.

रात्री दहाला तो ११ दाखवत होता. जुनी कुपी आत्याने तिच्या डॉक्टरांना विचारून टाकून दिली आणि नवी आणली, ती रात्रभर शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी सहाला आत्या माझ्या आधी उठून स्वयंपाकघरात गेली होती. थर्मामीटर ५ वर होता, आणि कॉम्प्रेसर चक्क बंद होता. कितीतरी दिवसांनी तो असा गप्प बसलेला तिने ऐकला, म्हणाली. मग चहाआधीच चप्पल घालून शेजारणीकडे गेली.